लॉकरमधले मखर

शैलेंद्र खांबेटे या माणसाविषयी मला खरे तर फार थोडे ठाऊक आहे. सिंगापूरमध्ये पुंगोलला आम्ही एकाच इमारतीत राहत होतो, पण तो नवव्या मजल्यावर राहायचा की अकराव्या, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. तुआसला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. कारखान्याचे नाव त्याने दोनदा सांगितले आणि मी दोन्ही वेळा विसरलो. वय चाळीस-बेचाळीस असावे. ओळख सारी दहा महिन्यांची, तीही बहुतेक इमारतीखालच्या बाकावरची. मी त्याला शेवटपर्यंत अहो-जाहो करत राहिलो. लिहिताना ‘तो’ म्हणतो आहे, ते त्याने चालवून घ्यावे. मला लिहायची सवय नाही. आमची सून मीनल म्हणाली, मखराची गोष्ट तुम्ही येईल त्याला सांगता, एकदा लिहून तरी ठेवा. म्हणून हा प्रयत्न.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये मी मुलाकडे, सुबोधकडे, राहायला आलो होतो. संध्याकाळी खाली बाकावर बसायचो. सातच्या सुमारास एक गृहस्थ पाठीवर बॅग घेऊन यायचे, शेजारी बसायचे, दहा मिनिटे गप्प राहायचे आणि लिफ्टकडे जायचे. मराठी आहेत हे मला फोनवरच्या बोलण्यावरून कळले होते, पण आपणहून बोलायचा माझा स्वभाव नाही. आठ-दहा दिवसांनी त्यानेच विचारले, “काका, पुण्याचे का?” मी नाशिकचा म्हटल्यावर तो म्हणाला, “चालेल.”

दहा मिनिटे का बसतो, हेही त्यानेच सांगितले. तुआस सिंगापूरच्या एका टोकाला आणि पुंगोल दुसऱ्या. आधी बस, मग एमआरटीची मोठी रेल्वे, मग एलआरटीची छोटी असे पावणेदोन तास काढून घरी पोचल्यावर तोंड जसे होते, तसे तोंड मुलीला दाखवायचे नाही. म्हणून खाली बसून चेहरा जरा ठीकठाक करायचा आणि मग वर जायचे.

मुलगी म्हणजे ऋता, तेरा वर्षांची. शैलेंद्र चार वर्षे इथे एकटा राहिला होता. बायको अनघा पुण्याला बँकेत होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये हट्टाने त्याने मुलीला इकडे आणले. इथल्या शाळेची प्रवेश परीक्षा ती पास झाली आणि जानेवारीत तिची शाळा सुरू होणार होती. अनघाने मुदत घातली होती. मार्चच्या सुट्टीपर्यंत मुलगी इथे रमली तर ती नोकरी सोडून येईल आणि तिघे एकत्र राहतील. नाही रमली तर ऋता जूनमध्ये पुण्याच्या शाळेत परत जाईल आणि शैलेंद्र पुन्हा एकटा. मला अनघाचे काही चूक वाटले नाही. शैलेंद्रलाही वाटत नव्हते. तो फक्त म्हणाला, “काका, चार वर्षं मी दुसऱ्यांच्या खोल्यांत भाड्यानं राहिलोय. आता परत नाही जमणार.”

ऋता काही बोलत नसे. लिफ्टमध्ये भेटली की हसायची, बस तेवढेच. माझा नातू क्षितिज जानेवारीत तिच्याच वर्गात आला. त्याला मी विचारले, तर त्याने खांदे उडवले आणि ती कोणाशीच बोलत नाही, मधल्या सुट्टीत एकटी बसते, असे सांगितले. मग तू बोलतोस का, असे विचारल्यावर त्याला एकदम भूक लागली.

जानेवारीच्या मध्यावर शाळेकडून कागद आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना लॉकर मिळाले होते. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दहा ते बारा पालकांनी शाळेत यावे आणि मुलांना आपापला लॉकर सजवायला मदत करावी. खिळे मारू नयेत, भोके पाडू नयेत, दार बंद झाले पाहिजे. सुबोध कामाला जाकार्ताला जाणार होता, मीनलला सुट्टी नव्हती. म्हणजे जायचे माझ्यावर आले. क्षितिजला ते फारसे आवडले नाही आणि मलाही धास्तीच होती.

शैलेंद्रच्या अंगात मात्र तो कागद वाचून काही संचारले. पुण्याला त्यांच्या सोसायटीच्या गणपतीचे मखर तोच करायचा. सलग सहा वर्षे त्याला पहिले बक्षीस होते. इथे आल्यापासून त्याने थर्माकोलला हात लावला नव्हता. आणि सजावट म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरे येते तरी काय? शाळेच्या ऑफिसला पत्र लिहून त्याने लॉकरची मापे मागवली, मिलिमीटरमध्ये. कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग थर्माकोलमध्ये बांधून येतात, ते तुकडे तो रोज बॅगेतून आणू लागला. बाकावर बसायचे त्याने सोडून दिले. लिफ्टकडे जाताजाताच हात करायचा. आठ दिवस त्याने जेवण झाले की तापलेल्या तारेने थर्माकोल कापले. ऋता समोर बसून बघायची, असे तो सांगे. काही म्हणते का, असे मी विचारले. “नाही, पण उठूनही जात नाही,” असे तो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने ते मला दाखवायला म्हणून खाली बाकापाशी आणले. खोक्यावरची चादर काढली आणि मी बघतच राहिलो. दोन खांब, प्रत्येकावर एक मोर, मोरांची तोंडे एकमेकांकडे. वर महिरप, त्यावर छोटा कळस, कडेने सोनेरी झिरमिळ्या, मागे सूर्यकिरणांचा पातळ पडदा आणि पायाशी चौरंग. बॅटरीवरचे बारीक दिवेसुद्धा होते. सगळे लॉकरच्या आत अलगद सरकेल अशा मापाचे. मधे, जिथे मूर्ती बसवायची, तिथे वीतभर जागा.

“इथं काय ठेवणार?” मी विचारले.

“ते ऋता ठरवील,” तो म्हणाला.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. क्षितिजचे दप्तर मी रोज उचलत होतो. त्यात केवढाली पुस्तके असतात हे मला माहीत होते. पण तो इतका खुशीत होता, आणि मी कोण सांगणारा? हा मोठा इंजिनिअर, त्याने विचार केलाच असेल. मी “छान, फार छान” म्हणालो आणि वर गेलो.

शनिवारी शाळेच्या लांब व्हरांड्यात निळ्या लॉकरांच्या दोन रांगा आणि पुढे पालकांची गर्दी. कोणी आतून वेष्टणाचा कागद लावत होते, कोणी दाराला छोटा आरसा चिकटवत होते. क्षितिजने फुटबॉलच्या संघाचे एक चित्र डकवले. मला त्याने कात्री धरायला दिली होती. पाच मिनिटांत आमची सजावट आटोपली.

तेवढ्यात शैलेंद्र आला. दोन्ही हातांत खोके, मागून दप्तर घेतलेली ऋता. त्याने मखर बाहेर काढले, लॉकरच्या तोंडाशी धरले आणि हलकेच ढकलले. ते ड्रॉवरसारखे आत गेले. दिवे लावले. दार लावून दाखवले, तर तेही अगदी सहज बंद झाले. मग सगळे जमा झाले. एक चिनी वडील कमरेवर हात ठेवून म्हणाले, “अंकल, यू कॅन ओपन शॉप लाह.” पोरे फोटो काढू लागली. ऋता भिंतीला टेकून आपल्या बुटांकडे बघत होती.

वर्गाच्या लिमबाई हातात यादी घेऊन लॉकर तपासत येत होत्या. त्यांनी मखर पाहिले, मनापासून कौतुक केले, दार उघडून-लावून बघितले. मग ऋताच्या पायाशी ठेवलेल्या दप्तराकडे बघून त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, की पुस्तके कुठे ठेवणार?

शैलेंद्रने दप्तराकडे बघितले. मग मखराकडे. मग माझ्याकडे.

“काका,” तो म्हणाला, “पुस्तकं.”

“हो,” मी म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “मला काल शंका आली होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही फार खुशीत होता.”

तो माझ्यावर चिडेल असे वाटले. चिडायलाच हवे होते. पण त्याला हसू आले. आधी नुसते खांदे हलले, मग तो चक्क लॉकरला डोके टेकून हसत राहिला. “मिलिमीटर मोजले हो, काका,” तो म्हणत होता, “मिलिमीटर मोजले.” ऋताने बुटांवरची नजर उचलून वडिलांकडे बघितले. तिने त्याला असे हसताना पूर्वी कधी पाहिले होते की नाही, मला माहीत नाही.

लिमबाईंनी बारापर्यंत वेळ दिला. वीस मिनिटे होती. शैलेंद्रने मखर बाहेर ओढले आणि कळसाला हात घातला. तो उपटून खोक्यात टाकणार, एवढ्यात वर्गातली हुई मिन नावाची मुलगी पुढे आली. ती शैलेंद्रशी बोललीच नाही. लॉकरवर नाव ऋताचे होते, म्हणून तिने ऋताला विचारले की एक मोर मला मिळेल का.

ऋताने वडिलांकडे बघितले.

“माझ्याकडे काय बघतेस?” शैलेंद्र म्हणाला. “लॉकर तुझा आहे.”

ऋताने हुई मिनला इंग्रजीत विचारले, डावा हवा की उजवा? कारण उजवा मोर डावीकडे बघतो, त्यामुळे तो दाराच्या कोणत्या बाजूला लावायचा आहे ते आधी ठरवायला हवे. हुई मिनला हे सगळे फार महत्त्वाचे वाटले. दोघी तिच्या लॉकरपाशी जाऊन बघून आल्या. परत येईपर्यंत आणखी चार पोरे उभी होती.

पुढची पंधरा मिनिटे ऋता बोलत होती. आठ दिवस समोर बसून तिने सगळे टिपले होते. खांब खिळ्याने नाही, दात कोरायच्या काड्यांनी जोडले आहेत, म्हणून ओढायचे नाहीत, फिरवून काढायचे. झिरमिळी खालून सोडवायची, वरून नाही. शैलेंद्रने एका ठिकाणी घाई केली, तर तिने “बाबा, तुटेल” म्हणून त्याचा हात बाजूला केला. दिवे एकाने नेले, महिरप वर्गातल्या दोन मुलींनी मधोमध कापून वाटून घेतली. आमचा क्षितिज कळस मागायला गेला. तिने त्याच्याकडे शांतपणे बघितले आणि मराठीत म्हणाली, “तीन आठवडे झाले. तू मला एकदा तरी हाय म्हणालास?” क्षितिज माझ्याकडे बघू लागला. मी हातातल्या कात्रीकडे बघितले. शेवटी तिने त्याला वीतभर झिरमिळी दिली आणि कळस हुई मिनच्या मैत्रिणीला.

बाराला ऋताच्या लॉकरमध्ये मागचा सूर्यकिरणांचा पडदा तेवढा उरला होता. त्याच्यापुढे अकरा पुस्तके नीट बसली. लिमबाईंनी यादीत खूण केली.

आम्ही चौघे जवळच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो. शैलेंद्रने अनघाला फोन लावला आणि घडले ते सांगायला सुरुवात केली, पण दुसऱ्या वाक्यालाच ऋताने फोन काढून घेतला, कारण तो चुकीचे सांगत होता. पंचवीस मिनिटे ती बोलली. शैलेंद्रने नूडल्सना हात लावला नाही. तो तिच्याकडे बघत नाही असे दाखवत शेजारच्या टेबलाकडे बघत बसला होता.

यावरून सगळे एकदम सुरळीत झाले, असे मी लिहिणार नाही. फेब्रुवारीत एकदा ऋता चिनी नववर्षाच्या सुट्टीत घरी जायचे म्हणून रडली, हे त्यानेच सांगितले. तो पुन्हा बाकावर बसू लागला होता. पण आता ती खाली यायची, हुई मिनला एलआरटीपर्यंत सोडायला, आणि मला “हॅलो आजोबा” म्हणायची. क्षितिजला मात्र अजून फक्त “ए” म्हणायची.

मार्चच्या सुट्टीत ती आठवड्यासाठी पुण्याला गेली. त्या आठवड्यात शैलेंद्र माझ्याशेजारी अर्धा अर्धा तास बसून राही. तिकीट दोन्हीकडचे काढले होते, पण आईकडे गेलेली मुलगी तिकीट बघून परत येते असे थोडेच आहे. मला काही धीराचे बोलता आले नाही. मी नाशिकच्या द्राक्षांबद्दल बोललो. गुरुवारी तो धावतच आला आणि म्हणाला, अनघाचा फोन होता. ऋताने तिला तुळशीबागेत नेऊन सोनेरी झिरमिळ्यांची दहा बंडले घ्यायला लावली. का म्हणून विचारले, तर म्हणाली, वर्गात हव्या आहेत, शनिवारी परत गेले की द्यायच्या आहेत. “शनिवारी परत गेले की, असं म्हणाली, काका,” शैलेंद्रने पुन्हा सांगितले. सोमवारी अनघाने बँकेत राजीनामा दिला. नोटिशीचे तीन महिने होते.

जूनमध्ये माझा व्हिजिट पास संपत आला होता. बुधवारी मी निघणार होतो. पुढे सुबोधने दुसऱ्या देशात नोकरी घेतली आणि सिंगापूरला पुन्हा जायचे राहूनच गेले. त्यामुळे निघण्याआधीच्या रविवारी सकाळी शैलेंद्रला पाहिले ते शेवटचेच. मी फिरायला निघालो होतो. तो आणि ऋता टॅक्सीची वाट बघत उभे होते. अनघाचे विमान उतरायला तासभर होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी बुधवारी जाणार आहे हे सांगायला हवे होते, पण त्या घाईत बरे वाटले नाही.

“काका,” तो म्हणाला, “अनघाला आल्या आल्या चहा लागतो आणि घरात दूध नाही. कोपऱ्यावरचं दुकान उघडं असेल ना आम्ही येईपर्यंत?”

“ते रात्रंदिवस उघडं असतं,” मी म्हणालो.

“मग येतानाच घेतो.”

“दोन घ्या,” मी म्हणालो. “तिघं आहात.”

“बरं,” तो म्हणाला.