पंगतीतल्या मावशी

आसेगावच्या शाळेत खिचडी रांधणाऱ्या मावशी निवडताना मेथीलाही रागवत, "किती माती घिऊन आली वं!" मुलं ती मेथी ताटाच्या कडेला सारत. दुसरीतली एक मुलगी तर जेवतच नसे. एकदा प्रार्थनेला ती चक्कर येऊन पडली. त्या दुपारी मावशी पदर खोचून पंगतीत तिच्याशेजारी बसल्या.

"मले वाढ वं माय, भूक लागून राह्यली."

मुलीनं दोन्ही हातांनी पळी धरून त्यांना वाढलं.

"आता मी एकटीच खाऊ काय?"

मुलगी हसली आणि त्यांच्याच ताटात जेवली, मेथीसकट. पुढे मावशी रोजच पंगतीत बसू लागल्या, आणि त्यांच्यामागे आम्ही शिक्षकही. बदलीनंतर आता वाशिमला मी एकटाच डबा खातो. जेवण फार लवकर उरकतं.