डकवलेलं पान

लेसिएलीच्या ऑकलंडच्या बहिणीकडून सामानाचं पिंप आलं की घरातली बाकीची माणसं आधी डब्यातलं मांस बघत, मग साबण, मग चादरी. लेसिएली मात्र सरळ तळाशी हात घाली. तळाशी पुस्तकं असत, तिकडच्या पोरांनी हाताळून टाकलेली, इंग्रजीतली. गावातल्या बायकांना याचं भारी हसू यायचं. साल बडवून कापड करायला सगळ्या जमल्या की एखादी विचारायचीच, "काय गं, आज पुस्तकाचं कालवण का?" लेसिएली हातातली मोगरी न थांबवता म्हणायची, "तुमच्या टोमण्यांनीच पोट भरलंय, कालवण कशाला?"

पण ती कुठलंही पुस्तक उचलून पोरीपुढे टाकत नसे. निवडायची. नुसत्या बर्फाचं असलं तर बाजूला, कारण बर्फाबद्दल सिनिवाचे प्रश्न संपत नसत आणि लेसिएलीलाही उत्तरं ठाऊक नसत. एकदा चड्डी घालून शाळेत जाणारं डुक्कर आलं होतं. चार वर्षांच्या सिनिवाने ते नीट न्याहाळलं आणि विचारलं, "हे कुणाच्या लग्नाच्या जेवणासाठी पाळलंय?" त्या पुस्तकाचा निकाल तिथेच लागला. जे पसंत पडे, त्यातलं इंग्रजी ती झाकायची. कागदाच्या पट्टीवर आपल्या टोंगन भाषेत वाक्य लिहायची आणि सालीचे तुकडे जोडायला बायका जी कंदाची खळ वापरतात, तिनेच ती पट्टी डकवायची. संध्याकाळची प्रार्थना झाली की मायलेकी चटईवर आडव्या व्हायच्या आणि वाचायच्या.

अस्वलाचं पुस्तक सिनिवाने मुखपृष्ठ बघूनच बळकावलं. सगळं ठीक होतं, फक्त मधल्या एका पानावर पिल्लू बापाच्या डोक्यावर चढून फळं तोडत होतं. आता आली का पंचाईत. बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, त्याच्या ताटातलं उचलायचं नाही, हे या बेटावरचं पोर चालायच्या आधी शिकतं. लेसिएलीने दोन पानं खळ लावून एकमेकांना चिकटवून टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानंतर महिन्याभराने राजधानीहून नणंदेचा निरोप आला. तोआकासे गुरुवारच्या बोटीने येत होती. 'सिनिवाबद्दल बोलायचंय,' एवढंच कळवलं होतं.

यात न कळण्यासारखं काय होतं? तोआकासे विधवा, मूलबाळ नाही, आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, आता घरात एकटी. भावाचं मूल वाढवायला मागायचा आत्याला हक्क असतो, आणि तिने मागितलं की भाऊ नाही म्हणत नाही. हालोटी, लेसिएलीचा नवरा, जाळी विणत मान खाली घालून म्हणाला, "ताईने तोंड उघडलं तर मी काय बोलणार?"

"तुझं तोंड एरवी बरं चालतं," लेसिएली म्हणाली. त्या चार दिवसांत तिला अन्न गोड लागलं नाही.

गुरुवारी तोआकासे आली ती मानाच्या भेटीला गुंडाळतात तशी मोठी चटई कमरेला गुंडाळून, ताठ मानेने. हालोटीने जमिनीतली भट्टी लावली आणि तिथेच बसून राहिला, बहिणीसमोर घरात येऊन बसायची भावाची रीत नव्हतीच. म्हणजे आत राहिल्या नणंद-भावजय. लेसिएलीने शहाळं दिलं. 

"राजधानीतली शाळा चांगली आहे," तोआकासे म्हणाली. "इथे पोर काय शिकणार? साली बडवायला?"

"मीही तेच शिकले, वन्सं."

"तेच म्हणतेय मी. तिच्यासाठी झोपायची चटईसुद्धा विणून ठेवलीय." पुढचं बोलायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सिनिवा धावत आली आणि पुस्तक तिच्या मांडीवर टाकून म्हणाली, "आत्या, हे वाच."

नेमकं अस्वलाचं. लेसिएली पुढे झाली. "अगं, ते नको, कासवाचं आण," ती म्हणाली. "हेच," सिनिवा म्हणाली. तोआकासेने चष्मा चढवला.

एकेक पान उलटत गेलं. "हे तू लिहिलंस?" पट्टीवर बोट ठेवून तिने विचारलं. "हो, वन्सं." तोआकासेने पुढचं पान उलटलं. मग ते जाड पान आलं. तिने ते बोटांत चाचपलं.

"इथे एक लपलंय," सिनिवा हळूच म्हणाली. "मी रोज थोडं थोडं उकरते." आणि तिने कोपऱ्यातून नख घातलं. दमट हवेने खळ आधीच सुटत आली होती. पान टरकन उघडलं.

बापाच्या डोक्यावर पिल्लू. चांगलं फतकल मारून बसलेलं.

तोआकासेने पुस्तक डोळ्यांजवळ धरून चित्र बघितलं. "सिनिवा, बापाच्या डोक्यावर बसायचं असतं?"

"नाही."

"मग हा का बसलाय?"

"त्याला आत्या नाहीये ना," सिनिवा म्हणाली. "कोण सांगणार त्याला?"

तोआकासेच्या ओठांचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. "पान कुणी चिकटवलं?"

"मी," लेसिएली म्हणाली, आणि मग तिच्याने राहवेना. "तुमची भीती वाटते मला, वन्सं. तुम्ही मागितलीत तर तो नाही म्हणणार नाही. मला तर नाही म्हणायचा हक्कच नाही. म्हणून पाया पडते, मागूच नका."

बाहेर हालोटीचं फावडं थांबलं होतं. तोआकासेने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "जेवायला वाढ."

रात्रभर तो विषय कुणी काढला नाही. लेसिएलीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी धक्क्यावर बोटीत पाय टाकण्याआधी तोआकासे वळली. "चटई पाठवून देते. इथेच झोपू दे तिला त्यावर." मग तिने सिनिवापुढे हात पसरला. "ते अस्वल मात्र मला दे."

"ते माझं आहे," सिनिवा म्हणाली.

"माहितीये. तरी मागतेय."

सिनिवाने पुस्तक छातीशी घट्ट धरलं. आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. ओठ थरथरायला लागले. आत्याने मागितलं की नाही म्हणायचं नसतं, हेही तिला शिकवलेलं होतं. तिने पुस्तक दिलं.

लेसिएलीने पोरीला उचलून घेतलं, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत खाली ठेवलं नाही.