सावेडी ते भिंगार: माझी सही सोडवायला सायकलवरून

गुरुवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका कागदाचा फोटो आला आणि माझा चहा गार झाला.

सावेडीपासून भिंगारपर्यंत सायकलसाठी वेगळा मार्ग करायचं घाटतंय आणि त्यावर महापालिकेने लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या आहेत, एवढं मला माहीत होतं. आमच्या सोसायटीने 'सर्व ज्येष्ठ रहिवाशांच्या वतीने' हरकत तयारसुद्धा केली आहे, हे मात्र मला या फोटोवरून कळलं. "आम्हां वृद्धांना सायकल चालविणे शक्य नाही, सबब सदर मार्ग निरुपयोगी आहे." खाली सह्या. चौथी सही माझी.

असल्या कागदावर मी मेले तरी सही करणार नाही. चष्मा लावला, फोटो मोठा केला. माझ्या सहीसमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं: २ ग्लास.

कोजागिरीची यादी! गच्चीवर मसाला दूध किती ग्लास हवं, म्हणून घरोघरी फिरवलेला कागद सेक्रेटरीसाहेबांनी हरकतीला टाचला होता. मी तशीच गाऊनवर खाली गेले.

"अहो ताई, माणसं तीच, सह्या त्याच. परत दारोदार कशाला फिरायचं? मघाशीच नेऊन दिला कागद," ते म्हणाले. "आणि नगरमध्ये आता सायकल चालवतंय कोण?"

"मी चालवते."

"कधी?"

"उद्या."

हे तोंडातून गेलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी सायकलवर बसून अकरा वर्षं झाली आहेत. पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने आम्हांला एक गोष्ट पक्की शिकवली होती: दुसऱ्याच्या पेपरावर तुझं नाव दिसलं तर गप्प बसणारीला पण छडी. हरकती घ्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. तेव्हा ठरवलं, आधी अख्खा मार्ग सायकलने पालथा घालायचा, मग महापालिकेच्या कार्यालयात जाऊन त्या हरकतीतून नाव काढून घ्यायचं आणि स्वतःचं मत स्वतःच्या अक्षरात द्यायचं.

माझी लेडीज सायकल गॅलरीत टॉवेल वाळवायच्या कामावर होती. दोन ट्यूब, ब्रेकचे रबर आणि तेलपाणी मिळून साडेतीनशे रुपये लागले. तुम्हीही असं काही करणार असाल तर सीट आधी खाली करून घ्या. दोन्ही पाय जमिनीला टेकले की निम्मी भीती जाते.

सोबतीला होती सुनंदा. ती आमच्या इमारतीत चार घरी पोळ्या करते आणि रोज भिंगारहून सायकलने येते. त्या चारांतलं एक घर सेक्रेटरीसाहेबांचं. नगरमध्ये सायकल चालवतंय कोण, असं विचारणाऱ्या माणसाच्या पोळ्या रोज सायकलवरून येतात!

शुक्रवारी तिचं काम साडेदहाला उरकलं. मला फाटकाशी पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासच्या बुटांत बघून ती हसत सुटली.

"मावशी, खरंच येताय व्हय? मला वाटलं, रागात बोलल्या आसाल."

"रागातच येते आहे. चल."

पहिली शंभर पावलं मी जी काही गेले त्याला चालवणं म्हणत नाहीत. हँडल एकीकडे, मी दुसरीकडे. आणि मग अचानक, कसं कोण जाणे, सगळं सरळ झालं. वारा कानात शिरला. मी मोठ्यांदा हसले आणि कारण नसताना घंटी वाजवली. एक रिक्षावाला दचकून बाजूला झाला. सदतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घंट्या ऐकल्या, स्वतः वाजवण्यात इतकी गंमत असते हे माहीत नव्हतं.

पत्रकार चौकापर्यंत रस्ता रुंद आहे, पण डावी कड पूर्ण उभ्या गाड्यांची. त्यामुळे सायकलवाल्याने टेम्पोच्या वाटेतच जायचं. गेल्या महिन्यात इथेच एका टेम्पोचा आरसा सुनंदाच्या खांद्याला लागला होता. चौकात सिग्नलला थांबलो तर आमच्या पुढे-मागे नऊ सायकली. शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली, डबा लटकवलेले कामगार, मागे गवताचा भारा बांधलेले एक आजोबा. मी त्या मुलींना विचारलं, "सायकलचा मार्ग होणार आहे म्हणे, तुम्हांला हवा का?"

"आज्जी, आम्हांला कोण विचारतंय!" एक म्हणाली आणि सिग्नल सुटताच तिघी भुर्र.

आज्जी! मी पॅडल असं मारलं की दिल्ली गेटपर्यंत सुनंदाला मला गाठता आलं नाही.

गेटजवळ चहा घेतला, दहा रुपयांत अर्धा कप, म्हणजे कट. मग चितळे रोड, आणि पुढे कापड बाजार. इथे मला उतरून सायकल ढकलावी लागली. एका साडीच्या दुकानदाराला मी मत विचारलं.

"मॅडम, गिऱ्हाइकाने गाडी कुठे लावायची?"

"साडी गिऱ्हाइकाला नेसायची असते की गाडीला?"

तो हसला, आम्हांला पाणीही दिलं. पण शेजारी पेरूची पाटी घेऊन बसलेली बाई हसली नाही. "बाई, पट्टा इथूनच जानार ना? मग मी कुठं बसू? दुकानाच्या पायरीवर ह्ये बसू देत न्हाईत, रस्त्यात पोलीस बसू देत न्हाईत. ही कडच हाय माजी."

वीस रुपयांचे पेरू घेतले, तिने मीठ-तिखट लावून दिले. तिचं म्हणणं पाठकोऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आसंच लिवा." म्हणजे बघा, सकाळी मी मार्गाची कट्टर समर्थक म्हणून निघाले होते आणि बारा वाजायच्या आत त्याच मार्गावरची एक हरकत माझ्या पर्समध्ये होती. पण ही खरी होती.

बाजार सुटला आणि किल्ल्याच्या बाजूला लागलो, की या प्रवासातला सगळ्यात सुंदर तुकडा येतो. खंदकाच्या कडेने झाडी, गर्दी कमी, रस्ता गुळगुळीत. इथे मी एक हात सोडून बघितला. मग दुसरा सोडावासा वाटला, पण सुनंदा ओरडली, "मावशी, माज्यावर नाव येईल!"

भिंगारमध्ये तिच्या घरी जेवलो. पिठलं, गरम भाकरी, ठेचा, कांदा. चार घरच्या पोळ्या लाटून आलेली बाई मला ताटात आग्रह करत होती, तेव्हा मी विचारलं, "तुझं काय मत आहे गं या मार्गाबद्दल? तू रोज जातेस."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "टेम्पो लागल्यापास्नं पोरगी म्हनते, सावेडीची कामं सोड. रिक्षानं जायाचं तर एका घराचा पगार त्यातच जातो. कड मोकळी झाली तर मी कामं सोडनार न्हाई. पन नुसता रंग मारू नका म्हनावं. कठडा पायजे."

"मग हे तू लिही."

"मी? मला कुठं येतंय आर्ज-बिर्ज!"

"सातवीपर्यंत शिकलीस ना? आत्ता बोललीस तेवढंच लिही. मी लिहून देणार नाही. माझ्या नावाने दुसऱ्याने लिहिलं म्हणून तर मी इथवर आले."

चार ओळी लिहायला तिला पाऊण तास लागला. तोवर मी माझं पत्र आणि मत लिहून काढलं आणि घड्याळाकडे बघत भुईवर बसले होते, आणि उठताना गुडघ्यांनी कळवलं की परतीचा प्रवास त्यांना मंजूर नाही. तरी पावणेचारला निघालो. कापड बाजारात संध्याकाळची गर्दी सुरू झालेली. तिथे एका लग्नाच्या खरेदीला आलेलं अख्खं वऱ्हाड आडवं उभं होतं. "सरका, सरका! सरकारी काम आहे!" असं मी ओरडले. खोटं होतं. पण वऱ्हाड सरकलं.

कार्यालयात पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. खिडकीतल्या तरुणीने माझं पत्र वाचलं, मग फाईल काढून सोसायटीचा कागद बघितला.

"हे 'दोन ग्लास' म्हणजे काय?" तिने विचारलं.

"मसाला दूध. केशर घातलेलं."

तिने तोंडावर रुमाल धरला. मग गंभीर होऊन माझं पत्र त्या हरकतीला जोडलं, सही माझ्या संमतीची नाही अशी नोंद केली, आणि माझं मत वेगळं दाखल करून घेतलं. पेरूवालीचं म्हणणंही त्यात होतं. मग तिने सुनंदाकडे बघितलं. "तुमचं?"

सुनंदाने ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढून दिला. त्यावर आवकचा शिक्का बसला. वाटेत काढलेल्या झेरॉक्सवर तसाच शिक्का मारून घेतला तेव्हा सुनंदाने तो अंगठ्याने पुसून बघितला, शाई ओली आहे का म्हणून. बाहेर येऊन आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि कितीतरी वेळ हसलो. का, ते विचारू नका.

घरी आले. मांड्यांना तेल चोळलं. तुम्हांला हा प्रवास करायचा असेल तर सकाळी आठच्या आत बाजार ओलांडा, पाण्याची बाटली आणि कागद-पेन जवळ ठेवा. लोकांना विचारलं की ते बोलतात, एवढंच या सहा-सात किलोमीटरांतून मी घरी आणलं. मार्ग होईल का, मला ठाऊक नाही. झाला तर कापड बाजारात त्याला वळण घ्यावं लागेल, आणि तिथे मी स्वतः भांडायला जाईन.

सगळा किस्सा मी ग्रुपवर टाकला. शिक्क्याच्या फोटोसकट. सेक्रेटरीसाहेबांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. साडेआठला तिसऱ्या मजल्यावरच्या विमलताई वर आल्या. यादीत त्यांची सही माझ्या खालोखाल होती.

"माझंही नाव काढायचंय," त्या म्हणाल्या.

"मुदत संपली, विमलताई."

मग गॅलरीकडे बघत त्यांनी विचारलं, "तुझी सायकल उद्या मोकळी आहे का?"