पाहुण्याचं पाणी

इसम नामे डोमा वल्द सोमाजी, वय अंदाजे बेचाळीस, राहणार मौजे कोसमटोला, जिल्हा चांदा. धंदा विहिरी खणणे, हल्ली बंद. उंची नोंदवता आली नाही, कारण सदर इसम सरळ उभा राहत नाही. ओळखीची खूण: मान वळत नाही. वर्तणूक: अर्ज करतो.

ज्या विहिरीबद्दल तो अर्ज करी, ती त्यानेच खणली होती. त्याआधी गाव बोडीचे, म्हणजे उघड्या तळ्याचे, पाणी पीत असे आणि दरसाल कोणाच्या तरी पिंडरीतून नारू निघे. डोमाने पंचविशीत काळा दगड फोडून चाळीस हात खाली पाणी लावले. आरशासारखे पाणी. नारू गेला. गावाने डोमाला नारळ आणि शेला दिला. पुढे दहाबारा वर्षांत ज्यांनी शेला दिला, त्यांच्या पाठी एकेक करून लाकडासारख्या झाल्या. शेल्याच्या मानकऱ्याची आधी झाली. खणणाऱ्याने पाणी सगळ्यांत जास्त प्यावे हे ओघानेच आले.

विहिरीवर त्याचा संशय गेला तो दातांवरून. बाहेरून लग्न होऊन आलेल्या बायकांचे दात पांढरे आणि त्यांच्याच पोटच्या पोरांचे खडूवर चहा सांडल्यासारखे. त्याची थोरली मंगली अकरा वर्षांची. दात तसलेच, आणि गुडघे आत वळलेले. धाकटी रंभा चार वर्षांची. तिचे पाय अजून सरळ होते. डोमाचा सगळा खटाटोप त्या दोन पायांसाठी होता. ब्रह्मपुरीला एका तरुण डॉक्टराने त्याचे हाड दाबून पाहिले आणि म्हटले, पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार असेल, तो हाडात मुरतो. औषध नाही, पाणी बदला. डोमाने तो शब्द अर्जात घालून घेतला. लिहिणाऱ्याने तो ‘फुलराइट’ असा लिहिला.

अर्ज पंचावन्न साली गेला. छप्पन्न साली जिल्हाच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. अर्ज मागे राहिला, मग मागून आला. सत्तावन्नच्या दिवाळीनंतर पाणी तपासायला साहेब आले, सोबत एक चपराशी आणि एक रिकामी बाटली.

साहेबांनी विहिरीत डोकावून पाहिले. तळ दिसत होता.

“इतकं स्वच्छ पाणी मी तालुक्यात पाहिलं नाही,” ते म्हणाले.

“दिसाले चांगलंच हाय साहेब. पोरायचे दात पाहा ना.”

“तुम्ही लोक तंबाखू फार खाता.”

“आठ वर्साचं पोट्टं तंबाखू खाते का जी?”

“आजकाल काय सांगावं?”

शेजारचा बुधू काठीवर वाकून हे ऐकत होता. तो म्हणाला, “डोमाभाऊ, तुही मान वर होत नाई हे बरं हाय. साहेबाचं तोंड पाहावं लागत नाई.”

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी प्रयोगशाळेत नमुना पाठवायचे कबूल केले. डोमाला एवढेच हवे होते. विहीर नापास झाली की नव्या विहिरीचा दगड सरकार फोडणार होते. साहेब त्याला घेऊन विहिरीची खोली मोजू लागले आणि विहिरीवर दोर-बादली नव्हती म्हणून बाटली भरायला चपराशी गावात गेला. डोमाचे घर पहिले. दारात त्याची बायको धुरपता होती.

“बाई, साहेबाची बाटली भरून दे. पाणी चांगलं दे, कचराबिचरा नको.”

धुरपताने बाटली धुतली, भरली, वर फडक्याने पुसली. चपराश्याने चिठ्ठी डकवली: कोसमटोला, सार्वजनिक विहीर.

चार महिन्यांनी कागद आला. मास्तरांनी वाचून दाखवला. पाणी पिण्यास उत्तम. फ्लोराइड नगण्य. अर्जदाराची तक्रार निराधार.

डोमा घरी आला. “धुरपता, साहेबाची बाटली तूनं भरली होती का?”

“मीनंच भरली.”

“कुठून?”

“कोपऱ्यातल्या मडक्यातून.”

त्या मडक्यात नदीतल्या झिऱ्याचे पाणी असे. दोन कोसांवरून आठवड्याला एक घागर यायची. दातांची गोष्ट कळल्यापासून कोसमटोल्यात घरोघर तसले एक मडके होते आणि त्याला म्हणत पाहुण्याचं पाणी. विहिरीचे आपण प्यावे. ते पाहुण्याला देणारे घर गावात नव्हते.

“ते बाटली विहिरीच्या पाण्यासाठी होती,” डोमा म्हणाला.

“मंग सांगाले काय झालं होतं? मले वाटलं साहेबाले वाटेत तहान लागंल. पाहुण्याले इख पाजू का? लाज हाय का नाई काही?”

“त्याले प्यायचं नव्हतं ओ.”

“प्यायचं नव्हतं तं काय बाटलीची पूजा करते साहेब?”

डोमा स्वतः दारात असता तर त्यानेही मडक्याकडेच बोट दाखवले असते, हे त्याला ठाऊक होते. मग धुरपता चुलीपुढे बसून राहिली. भाकर करपली, तरी उठली नाही.

त्याने दुसरा अर्ज केला, त्यात खरे ते लिहिले. उत्तर आले: शास्त्रीय तपासणी एकदा झालेली आहे, अर्जदाराच्या पत्नीने शासकीय नमुन्यात ढवळाढवळ केल्याचे अर्जदार स्वतःच मान्य करतो, सबब त्यास समज देण्यात यावी. कोतवालाने समज दिली. त्याचीही पाठ वाकत नव्हती, म्हणून उभ्यानेच दिली.

धुरपताने पाहुण्याचं पाणी रंभाला पाजायला सुरुवात केली. पाहुणे आले की ती तोंड लपवी. पण झिरा फाल्गुनापर्यंतच टिके, आणि एक घागर पोरीला चार दिवस पुरे. बाकीचे दिवस विहीर होतीच, उत्तम पाण्याची. डोमाने एकदा आपली दगड फोडायची जुनी सब्बल घेऊन गावाच्या दुसऱ्या अंगाला दगड पाहिला. सब्बल उचलली, पण खांद्याच्या वर गेली नाही. ती तिथेच टाकून तो आला.

एकसष्ट साली विहिरीच्या कठड्यावर सरकारी पाटी बसली: ‘शुद्ध पेयजल. शासनाकडून तपासलेले.’

रंभा आठ वर्षांची आहे. चालताना तिचे गुडघे एकमेकांना लागतात.