विलासरावांच्या घरावरून गेलो, थांबलो नाही

आमची गाडी गेल्या साडेसहा वर्षांत जबलपूरहून नागपूरला दोनदा जाऊन आली, आणि या काळात ती गॅरेजच्या बाहेर एकदाही पडली नाही.

यात थाप काही नाही. गाडीच्या मीटरवर आकडे आहेत, माझ्याकडे वही आहे. मी बत्तीस वर्षं संरक्षण कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. नोंद केल्याशिवाय मी शिंकतसुद्धा नाही.

गाडी माझ्या सासऱ्यांची. ते जबलपुरातच, सदर भागात डॉक्टर होते. लाल रंगाची, विलायती, उघडी स्पोर्ट्‌स कार. सीटा दोनच. एकीवर सासरे, दुसरीवर माझी बायको शोभा आणि तिची धाकटी बहीण वंदू आळीपाळीने. (सासूबाई मागून रिक्षाने यायच्या आणि बहुतेक वेळा आधी पोचायच्या.) पुढे वंदू लग्न होऊन नागपूरला गेली. सासऱ्यांनी शेवटी गाडी कोणाला द्यायची हे ठरवलं, तेव्हा तिचा नवरा विलासराव, म्हणजे माझे साडू, ड्रायव्हिंगमध्ये पटाईत असूनही गाडी मला मिळाली. सासरे म्हणाले, "विलासराव चालवतील. तुम्ही सांभाळाल." हा मी आजवर माझा गौरव समजत आलो आहे.

सांभाळली मात्र मी मनापासून. चार लाकडी ठोकळे करून घेतले आणि गाडी त्यांच्यावर चढवली. चारही चाकं जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे एका जागी दाबून टायर बसायला नकोत. टाकी काठोकाठ भरलेली, म्हणजे आतून गंज नको. सीटांखाली कडुलिंबाचा पाला, डिकीत डांबराच्या गोळ्या, सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी कापडाचा बोळा, आणि तो काढायची आठवण राहावी म्हणून बोळ्याला लाल रिबन. वरून शोभाच्या दोन जुन्या चादरी शिवून केलेला झगा. एवढं करून गाडी बाहेर का काढत नव्हतो? भीती वाटते! दुसरं काही नाही. सासऱ्यांच्या गाडीला माझ्या हातून ओरखडा गेला, तर वर गेल्यावर मी त्यांना काय तोंड दाखवू?

सदरचे आमचे मेकॅनिक मुन्ना भैया मात्र बजावून गेले होते, "साहब, खड़ी गाड़ी और बैठा आदमी, दोनों को जंग लगती है। पंद्रह दिन में एक बार चला दिया करो।"

मी चालवली. गॅरेजची दारं सताड उघडली, लाल रिबन ओढून बोळा काढला, बॅटरी जोडली, टोपी घातली आणि गाडी सुरू करून गिअर टाकला. मागची चाकं हवेत गरगर फिरू लागली. दहा-बारा मिनिटांनी बंद केली तेव्हा मीटर आठ किलोमीटर पुढे सरकला होता. आठ किलोमीटर! म्हणजे नागपूरच्या रस्त्याला लागून मी जवळजवळ तिलवारा घाटाशी पोचलो होतो. पंधरा दिवसांनी पुन्हा बसलो, तेव्हा परत घरापासून निघायचं अगदी जिवावर आलं. नर्मदेशी सोडली होती, तिथूनच पुढे निघालो.

तेव्हापासून वही सुरू झाली. "बरगी फाटा. चढ होता, पण गाडी तापली नाही." "लखनादौन. चहा चांगला." (चहा शोभानेच आणून दिला होता.) तीही अधूनमधून गॅरेजच्या दारात येऊन विचारायची, "आज कुठवर?"

"धूमा."

"अच्छा. मग धूम्यातून उतरा जरा, दूधवाला आला आहे."

अशा रीतीने सव्वा वर्षाने मी नागपुरात शिरलो. वहीत लिहिलं, "नागपूर. गर्दी फार. विलासरावांच्या घरावरून गेलो. थांबलो नाही." का थांबलो नाही? कारण त्या दिवसाचे आठ किलोमीटर अजून पुरे व्हायचे होते! दुसऱ्या फेरीतही तेच. फक्त वाक्य जरा वेगळं झालं, "विलासरावांच्या घरावरून गेलो. गाडी हळूही केली नाही."

त्या वाक्याने आमच्या घरावर काय ओढवणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली असती.

झालं असं, की मागच्या हिवाळ्यात विलासराव इथे जवळच पाटनला कोणाच्या तरी लग्नाला आले आणि जाताना आमच्याकडे उतरले. मी भाजी आणायला गेलो होतो, शोभा आत चहा टाकत होती. वही टीपॉयवर. मी परत आलो तर विलासराव अर्धा चहा तसाच ठेवून बूट घालत होते.

"अहो, जेवून जा की!" मी म्हणालो.

"नको. आम्हाला थांबता येते, पण तुम्हाला उगीच त्रास," एवढंच म्हणाले, आणि गेले. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

त्यानंतर दर रविवारी येणारा वंदूचा फोन बंद झाला. शोभाने केला तर "कामात आहे ताई" म्हणून ठेवायची. आणि महिन्याभराने वंदूच्या मुलीच्या, केतकीच्या, लग्नाची पत्रिका आली. कुरिअरने!

शोभा ते पाकीट हातात धरून खुर्चीवर बसली ती बसलीच. "मी थोरली मावशी. केतकी झाली तेव्हा तीन महिने मी अंघोळी घातल्या तिला. अन् मला पत्रिका कुरिअरने? ना हळद, ना कुंकू! गॅसवाला पण घंटी वाजवून देते हो!"

"छापील पत्रिका आहे, चुकून गेली असेल..."

"वर पत्ता वंदूच्या हातचा आहे. मी नाही जाऊन राहिली लग्नाला."

आणि ती रडायला लागली. शोभा सहसा रडत नाही. केतकीसाठी घेतलेली पैठणी तिने कपाटातून काढली, पुन्हा घडी घातली आणि खालच्या खणात, जुन्या परद्यांच्या खाली ठेवून दिली. ते मला बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच वंदूला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन शोभाच्या हातात दिला.

"वंदे, आमचं काय चुकलं, सांगून तरी दे एकदा."

पलीकडे वंदू उसळली. "ताई, बाबांच्या गाडीत बसून तुम्ही दोनदा नागपुरात आले. माझ्या घरावरून गेले. अन् पाय नाही लावला! यांनी स्वतः वाचलं जिजाजींच्या वहीत. गाडी हळूही केली नाही म्हणे!"

शोभाने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग ती हसायलाच लागली. "अगं वेडे, गाडी ठोकळ्यांवर आहे! चाकं हवेत फिरतात. हे नुसते टोपी घालून बसतात!"

मागून विलासरावांचा आवाज आला, "बहाणा तरी धड करा म्हणावं!"

मग पुरावा देणं आलं. शोभा फोन घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली. मी बोळा काढला, टोपी घातली, गिअर टाकला. चाकं फिरू लागली आणि मी जागच्या जागी स्टिअरिंग धरून गंभीर चेहऱ्याने समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. पलीकडे वंदू, विलासराव, केतकी आणि लग्नाच्या लाडवांसाठी आलेल्या चार बायका माझ्याकडे बघत होत्या. आधी त्या चार बायकांपैकी एक हसली, आणि मग फोन फुटेल की काय असं झालं.

मी सुटकेचा श्वास सोडला. घाई केली. कारण वंदू हसता हसता अचानक थांबली.

"म्हणजे जिजाजी, तुम्ही मनातल्या मनात आले होते?"

"हो ना! तेच तर."

"मग थांबले काहून नाही? खरोखर आले असते अन् घाई असती, तर मी समजून घेतलं असतं. मनातल्या मनात कोणती गाडी सुटून राहिली होती तुमची?"

मी गिअर काढला.

"वंदू बरोबर बोलून राहिली," शोभा म्हणाली. आमच्या बाजूला आतापर्यंत दोघं होतो, आता मी एकटा. "मलापण तुम्ही नाही सांगितलं, की माझ्या बहिणीच्या घरावरून सरळ निघून गेले."

"मनात पण नाही थांबले," वंदू डोळे पुसत म्हणाली. "सहा वर्षं झाली ताई, तू घरी नाही आली माझ्या."

हे मात्र खरं होतं.

शेवटी विलासरावच खाकरले. "साडूभाऊ, तिसरी फेरी चालू असेल ना तुमची? आता आहे कुठे?"

मी वही पाहिली. "कन्हान."

"म्हणजे वीस किलोमीटर राहिले. चला, या! अन् या वेळेला थांबा."

निघालो. विलासराव म्हणजे जातिवंत ड्रायव्हर. पाच मिनिटांत ते विसरलेच की मी गॅरेजात आहे. "कामठी आली, हळू घ्या. पुढे सिग्नल आहे. अहो, लाल आहे, लाल! ब्रेक मारा!" मी ब्रेक मारला. पूर्ण मिनिटभर सिग्नलला उभा राहिलो. "आता डावीकडे. हॉर्न द्या, आमच्या गल्लीत गाई बसतात." हॉर्न दिला. आमच्या कॉलनीतली दोन कुत्री उठून गेली. अखेर "बस, हेच घर!" ऐकल्यावर मी इंजिन बंद केलं.

"या जिजाजी, या! चपला बाहेर काढा." मी काढल्या. मग वंदूने हळदीकुंकवाचा करंडा आणला आणि फोनवर दिसणाऱ्या ताईच्या कपाळाला कुंकू लावलं. तिच्या फोनचा पडदा लाल झाला. "ताई, पत्रिका परवा मी स्वतः घेऊन येते, अन् तू आठ दिवस आधी ये." शोभा नुसती मान हलवत राहिली. माझेही डोळे भरून आले. (गाडीच्या धुराने. दारं सताड उघडी होती, तरी धुराने.)

"असं नाही जायचं जिजाजी, जेवून जा," वंदू म्हणाली आणि वाढायलाच लागली. वडाभात, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. "पुरणपोळी घ्या. अजून एक, माझ्या हातची."

"बस, बस," मी नसलेल्या ताटावर हात आडवा धरून म्हणालो, "अगदी पोट भरलं!" सहा वर्षांची भरपाई करायची म्हणजे माणसाने उदार व्हायला हवं.

फोन ठेवला. शोभाने पैठणी परद्यांखालून काढली, झटकली आणि पलंगावर पसरून ठेवली. तिचा चेहरा पाहून मलाही भूक लागली. दुपारचा एक वाजून गेला होता. मी पाटावर जाऊन बसलो.

"वाढ."

"काय वाढू? आत्ताच तर पोट भरलं म्हणाले."

"अगं, ते नागपूरला!"

"हो ना. अन् तुम्ही अजून नागपुरातच आहे," शोभा माझ्या समोरचं ताट उचलत म्हणाली. "घरी पोचा, मग वाढते."

मी उठलो आणि टोपी घातली. अंतर पावणेतीनशे किलोमीटर, वेग पंधरवड्याला आठ. म्हणजे जेवायला सव्वा वर्ष.