आईला मी खोटं पाडलं

लहानपणी मी कधी खोटं बोलत नसे, याचा मला भारी तोरा होता. वडील पारावर चारचौघांत सांगत, "माझी पोरगी मेली तरी खोटं बोलायची न्हाई." ते ऐकून मी अशी काही मिरवायचे, की धाकट्या भावंडांना माझा रागच यावा. कुणी चिंचा पाडल्या, कुणी दुधावरची साय खाल्ली, सगळं मी न विचारता वडिलांच्या कानावर घाली. तो चांगुलपणा नव्हता, चोंबडेपणा होता. पण हा फरक मला तेव्हा कुणी सांगितला नाही आणि माझा मलाही कळला नाही.

रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांची असेन. कुरुंद्याजवळच्या आमच्या मळ्यात हळद काढणं चाललं होतं. कामाला गावाबाहेरच्या वस्तीतली एक बाई यायची, लहान लेकरू घेऊन. त्या लोकांनी विहिरीला शिवायचं नाही, आमच्यापैकी कुणीतरी त्यांना वरून पाणी ओतायचं, असा रिवाज. त्या दुपारी मी आणि आई भाकरी घेऊन गेलो, तर मळ्यात दुसरं कुणी नव्हतं. ती बाई आमच्याच पोहऱ्यानं पाणी काढून तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर थापत होती. आईनं मला हाताला धरून बांधाआड खाली बसवलं. बाई मडकं भरून विहिरीपासून दूर जाईस्तोवर आम्ही तिथंच बसून राहिलो. मग काही झालंच नाही अशी आई पुढं चालू लागली.

थोड्या वेळानं वडील आले. ओला पोहरा बघून त्यांनी विचारलं, पाणी कुणी काढलं.

"मी काढलं," आई म्हणाली.

मी ताडकन बोलले, "न्हाई. आई खोटं बोलून राहिली. त्या बाईनं काढलं. आमी बांधाआडून बघितलं."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणायचीही सोय नाही. मी समजून-उमजून, छाती फुगवून बोलले होते. वडिलांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला फार बरं वाटलं. बाईचं मडकं त्यांनी फोडलं, ऐन हंगामात तिला कामावरून काढलं, गावात दुसऱ्या कुणी तिला काम देऊ नये असंही बजावलं. लेकराला खांद्यावर टाकून ती उन्हातच निघाली. पुढं त्या लेकराचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

आई मला रागावली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझ्यासमोर मोकळं बोलणं सोडलं. शेजारणीशी चाललेलं बोलणं मी आत आले की तिखटमिठाच्या भावावर यायचं. माझं लग्न झालं, लेकरं झाली. माहेरी गेले की ती जेवू-खाऊ घालायची, डोक्याला तेल लावायची, पण मनातलं काही काढायची नाही. शेवटच्या दुखण्यात मी तिच्या उशाशी होते. काही सांगायचं राहिलंय का, असं मी विचारलं.

"न्हाई माय," ती म्हणाली, "तू सांगून टाकशील."