जनूदादाची चिमूटभर माती

बातमीचा फोन आला तो काकाचा. "आपला जनू गेला रे..." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आमच्या नवघर गावच्या फुटबॉल संघाच्या गोलमध्ये उभं राहून ज्याला थोपवताना काकाने दोन्ही गुडघे फोडून घेतले, तो शेजारच्या राई गावचा जनूदादा महिन्याभरापूर्वी असा एकदम 'आपला' झाला!

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी सातवीत होतो. जनूदादा मिठागरवाल्या घरातला. पेनल्टीआधी तो वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा. खारट लागली की खाडीचं पाणी मुरून जमीन ओली, चेंडू घसरणार... मीही अंगणातली चाखून आईचा धपाटा खाल्ला होता. नवघरचा असून मी राईवाल्याचा भक्त, हे अर्थातच गुपित होतं.

आदल्या वर्षी नवघर-राई फायनलला काकाने त्याची पेनल्टी अडवली होती. "यंदा चुकलो तर बूट खिळ्याला टांगीन," असं जनूदादा चारचौघांत बोलून बसला होता. माझी झोप उडाली. यंदाही फायनल त्यांच्याशीच; सामन्याच्या सकाळी मी त्याला गाठलं.

"दादा, काका नेहमी खाडीच्या बाजूला झेपावतो. तू रस्त्याच्या बाजूला मार."

त्याने माझा कान पिळला. "घरचा भेद भायेर सांगतो? जा, काकाला पानी दे."

आणि शेवटच्या मिनिटाला, बरोबरी असताना, पेनल्टी! जनूदादाने माती चाखली, गर्दीत मला शोधून डोळे वटारले आणि खाडीच्या बाजूकडे अंग वळवून उभा राहिला. हा माणूस खाडीच्याच बाजूला मारणार होता! मुद्दाम! माझी फितुरी त्याला नको होती. काका झेपावला तोही तिकडेच... चेंडू जमिनीलगत सुटला, ओल्या कडेवर टप्पा पडताच सर्रकन घसरला आणि काकाच्या बोटांखालून आत गेला. नवघरच्या गर्दीत नाचणारा मी एकटा. घरी माझं काय झालं, ते विचारू नका.

परवा काकाबरोबर राईला जनूदादाच्या घरी गेलो. दाराआड खिळ्याला बूट होते. "गुडघ्यानी जवाब दिला तवा सोताच टांगले," वहिनी म्हणाल्या. तळाच्या खाचांत माती सुकून बसली होती. काकाने ती नखाने खरवडली, थोडी जिभेवर ठेवली आणि उरलेली माझ्या तळहातावर ओतली.

"घे, फितुरा. जनूने त्या सामन्याच्याच संध्याकाळी मला सगळं सांगितलं होतं."

मी चाखली. अजून खारट होती...